पगारपत्रकातले दोनशे रुपये

आटपाडी तालुक्यात माझ्या मावशीच्या गावाबाहेर एक पाझर तलाव आहे. पाऊस बरा झाला तर पौषापर्यंत त्यात पाणी दिसतं, नाहीतर दिवाळीतच तळ उघडा पडतो. त्या तलावाच्या बांधावर मावशीने दोन उन्हाळे माती टाकली आहे. १९७८ साली ती लग्न होऊन या गावात आली. दुसऱ्याच वर्षी रोजगार हमीचं काम निघालं आणि सासू-सून दोघी मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावर लागल्या. चौकडीचं माप, मुकादमाची शिट्टी, बाभळीला बांधलेल्या झोळीत झोपलेली पोरं, हे सगळं ती आजही काल घडल्यासारखं सांगते. गेल्या वर्षी तिच्या ओट्यावर बसलो असताना तिने मला एक प्रश्न विचारला. ‘आरं, तुमच्या पगारातनं कापलेलं पैसं आमच्या मस्टरवर यायचं म्हणं. आजून कापत्यात का?’

कापतात. माझ्या पगारपत्रकात दर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये व्यवसाय कर म्हणून वजा होतात. वर्षाला २५०० रुपये. नोकरी लागल्यापासून त्या ओळीकडे मी कधी नीट पाहिलंही नव्हतं. आमच्या कार्यालयात चार जणांना विचारलं, हा कर कशासाठी? एकालाही सांगता आलं नाही. आणि आटपाडीतल्या, शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या बाईला मात्र तो कशासाठी होता हे पक्कं ठाऊक होतं.

तिचं म्हणणं शब्दशः खरं आहे. १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कराचा कायदा केला तो रोजगार हमीसाठी. मुंबई-पुण्यातल्या पगारदारांकडून, व्यापाऱ्यांकडून, डॉक्टर-वकिलांकडून थोडा थोडा कर घ्यायचा. त्याच्या जोडीला वाहनांवर, विक्रीवर आणि बागायती जमिनीवर जादा आकारणी करायची. जेवढं जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, आणि त्या पैशातून खेड्यात जो अंगमेहनतीचं काम मागेल त्याला काम द्यायचं. ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. ते तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, म्हणजे मावशीच्या गावापासून फार लांबचे नव्हेत. १९७२-७३ च्या दुष्काळात ऐन भरात जवळजवळ ५० लाख माणसं खडी फोडायला आणि माती टाकायला आली होती. सुकडी आणि लाल मिलो ज्वारी खाऊन त्यांनी ते वर्ष काढलं. त्या अनुभवानंतर १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून काम मागणं हा हक्क ठरला. सरकारच्या मर्जीवर चालणारी ती नुसती योजना राहिली नाही. देशभरासाठी असा कायदा व्हायला पुढे २००५ साल उजाडावं लागलं.

हा इतिहास सांगण्यामागे गतवैभवाचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. त्या व्यवस्थेत दोन गोष्टी एकाच दोरीने बांधलेल्या होत्या: पैसा कुणाकडून घ्यायचा आणि तो कुणाला द्यायचा. आज आपण या दोन गोष्टींवर वेगवेगळ्या खोल्यांत बसून भांडतो. एका खोलीत करदाते आपला पैसा ‘फुकट्यांना’ वाटला जातो म्हणून चिडलेले असतात. दुसऱ्या खोलीत कुणी कुणाला दरमहा किती द्यायचे याची बोली चाललेली असते. अर्थव्यवस्था वाढत असताना विषमता घटणार की वाढणार हे मात्र या दोन्हींच्या वजाबाकीवर ठरतं. माणसाच्या हातात किती पडलं एवढंच बघून भागत नाही. त्याच माणसाच्या खिशातून किती काढून घेतलं तेही बघावं लागतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आधी वाढ होऊ द्या, वाटपाचं मग बघू. अर्थशास्त्रात या म्हणण्याला सायमन कुझनेट्स यांच्या नावाचा आधार दिला जातो. वाढीच्या सुरुवातीला विषमता वाढते आणि पुढे ती आपोआप उतरते, असा त्यांच्या १९५५ च्या मांडणीचा अर्थ लावला गेला. पण पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या मध्याला विषमता उतरली त्याच काळात तिथे चढत्या दराचा आयकर आला, वारसा कर आला, निवृत्तिवेतन आणि बेकारी भत्ता आला. ती नुसत्या वाढीने उतरली नाही, लोकांनी भांडून उतरवली. आयर्लंडचंच बघा. बाजारातून मिळणाऱ्या उत्पन्नातली विषमता प्रगत देशांमध्ये तिथे सगळ्यात जास्त असणाऱ्यांपैकी. पण कर घेऊन आणि मदत देऊन झाली की तोच देश मधल्या रांगेत येऊन बसतो.

आणि आपल्याकडचा आड काही कोरडा नाही. महाराष्ट्राचं दरडोई उत्पन्न राज्याच्याच आर्थिक पाहणीनुसार २०२४-२५ मध्ये तीन लाखांच्या पुढे गेलं. त्याच पाहणीतली जिल्ह्यांची यादी उघडली की मुंबई, ठाणे, पुणे वर आणि नंदुरबार, वाशिम, गडचिरोली तळाला, हा क्रम वर्षानुवर्षं हलत नाही. देशाचंही तेच. २०२४-२५ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीनेच नमूद केलं आहे की मोठ्या ५०० कंपन्यांच्या नफ्याचं राष्ट्रीय उत्पन्नाशी प्रमाण ४.८ टक्क्यांवर, म्हणजे पंधरा वर्षांतल्या उच्चांकावर गेलं, आणि वेतनवाढ मात्र मागे रेंगाळली. जागतिक विषमतेचा अभ्यास करणाऱ्या टोमा पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०२४ च्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्क्याच्या हातात देशाचं २२.६ टक्के उत्पन्न आणि ४०.१ टक्के संपत्ती होती. आडात पाणी आहे. पंप कुणाचा बसलाय हा प्रश्न आहे.

उलट बाजूचा एक आकडा मी टाळणार नाही. जागतिक बँकेच्या हिशेबात भारतातल्या खर्चाच्या विषमतेचा जिनी निर्देशांक (शून्य म्हणजे पूर्ण समानता, शंभर म्हणजे टोकाची विषमता) २०११-१२ मधल्या २८.८ वरून २०२२-२३ मध्ये २५.५ वर उतरला. यावरून भारत जगातल्या सर्वांत समान देशांपैकी एक आहे असा डंका पिटला गेला. त्या उताराचा काही भाग खरा आहे आणि त्याचं श्रेय द्यायला मला संकोच वाटत नाही. ८० कोटींहून जास्त लोकांना रेशनवर दरमहा पाच किलो धान्य मोफत मिळतं. आपल्याकडच्या सगळ्या सरकारी मदतींत खालच्या माणसापर्यंत सर्वांत चांगली पोचलेली मदत हीच. मावशीच्या घरात ती येते, वेळेवर येते. पण हा निर्देशांक खर्चाचा आहे, उत्पन्नाचा नव्हे. गरीब माणूस मिळवतो तेवढं खर्चून टाकतो. श्रीमंताच्या मिळकतीतला मोठा भाग शेअरमध्ये, जमिनीत आणि सदनिकांत जातो, तो या मोजमापात येतच नाही. शिवाय सर्वेक्षकाला मलबार हिलच्या फाटकातून आत कोण घेतं? त्यामुळे खालच्या बाजूला अंतर थोडं मिटलं आणि वरच्या टोकाला ते प्रचंड वाढलं, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. माझ्या मते ती आहेतच.

आता वजाबाकीकडे येतो. २०२३ मध्ये मावशीला घरकुल मंजूर झालं. एक लाख वीस हजार रुपये, हप्त्याहप्त्याने. तिची सवय अशी की कागदाचा एक चिटोराही टाकायचा नाही. सगळी बिलं तिने पत्र्याच्या डब्यात जपली होती. एका दुपारी आम्ही ती ओट्यावर पसरून बसलो. सिमेंटची शंभर पोती, पोत्याला साडेतीनशे. त्या वर्षी सिमेंटवर जीएसटी २८ टक्के होता, म्हणजे एका पोत्यामागे सुमारे ७६ रुपये कर. शंभर पोत्यांचे साडेसात हजारांच्या पुढे. सळई आणि पत्र्यावरचा १८ टक्के कर वेगळाच. मावशीला निराधार म्हणून महिन्याला पंधराशे रुपये मिळतात. म्हणजे नुसत्या सिमेंटच्या करात तिची पाच महिन्यांची पेन्शन परत गेली. मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बिलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘मी बी टॅक्स भरतो म्हण की.’

हो, मावशी, तू कर भरतेस. ‘देशात फक्त दोन-तीन टक्के लोक कर भरतात’ हे वाक्य माझ्या कार्यालयात आणि नातेवाइकांच्या गटावर आठवड्यातून एकदा तरी येतं. ते फक्त आयकरापुरतं काय ते खरं. साखर, तेल, चहा, औषध, चप्पल, प्रत्येक वस्तूत कर आहे. तिचा मुलगा मोबाईलला ३४९ चं रिचार्ज मारतो, त्यात ५३ रुपये कर असतो. कोट्यधीशाचा मुलगा तेच रिचार्ज मारतो तेव्हाही ५३ च. एकाच्या दिवसाच्या मजुरीतला तो मोठा तुकडा, दुसऱ्याच्या लक्षातही न येणारी रक्कम. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, केसांचं तेल आणि बिस्किटं यांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, सिमेंट १८ वर आलं. हे फार चांगलं झालं, आणि आठ वर्षं उशिरा झालं. १ जुलै २०१७ पासून तोवर गरिबाच्या मोरीतला साबण आणि श्रीमंताचा वॉशिंग मशीनसारखा ऐवज जवळपास एकाच रांगेत बसवलेले होते, यात कुणाला वावगं वाटलं नाही याचं मला अजून दुःख होतं.

याच काळात वरच्या बाजूला काय झालं? २० सप्टेंबर २०१९ ला पणजीत जीएसटी परिषदेच्या बैठकीसाठी जमलेले असतानाच अर्थमंत्र्यांनी कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणल्याची घोषणा केली. नव्या कारखान्यांना तो १५ टक्के. सरकारच्याच अंदाजानुसार वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी सोडलं. गुंतवणूक आणि रोजगार वाढेल हे कारण दिलं होतं. नफा वाढला हे वर आलंच. आणि काही वर्षांतच पगारदार व इतर व्यक्तींचा आयकर कंपन्यांच्या करापेक्षा जास्त जमू लागला. २०२३ मध्ये अतिश्रीमंतांवरचा अधिभार, म्हणजे करावरचा जादा कर, नव्या करप्रणालीत ३७ वरून २५ टक्के झाला. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पातच गेला. तो वर्षाला हजार कोटींच्या आसपासच जमतो म्हणून. गळक्या पोहऱ्याला डाग लावायचा सोडून आपण तो फेकून दिला. मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरचा कर तर १९८५ मध्येच रद्द झालेला. २०२४ च्या निवडणुकीत वारसा कराचं नुसतं नाव निघालं तरी केवढा गदारोळ झाला! मंगळसूत्र जाईल, म्हैस जाईल अशी भीती ज्यांना घातली गेली, त्यांच्यापैकी हजारात एकालाही असा कर लागला नसता.

माझ्यासारख्या पगारदाराला मी एक गोष्ट कळकळीने सांगू इच्छितो. आपला राग चुकीच्या दिशेला वळवला जातोय. नव्या करप्रणालीत २४ लाखांच्या वरच्या पगारावर ३० टक्के कर आहे. शेअर वर्षभर ठेवून विकले तर नफ्यावर साडेबारा टक्के, तेही सव्वा लाखाची सूट देऊन. २००४ ते २०१८ अशी चौदा वर्षं तर त्यावर काहीच नव्हता. म्हणजे घाम गाळून मिळवलेल्या पैशाला जास्त दर आणि पैशाने मिळवलेल्या पैशाला कमी. आपलं ताट मावशीच्या पंधराशे रुपयांमुळे हलकं झालेलं नाही.

महाराष्ट्रात हा विचार नवा नाही. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं होतं: सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि त्यावर शिक्षण होतं वरच्या वर्गाचं. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. वाढीचा लाभ तळापर्यंत झिरपत नाही, म्हणून सार्वजनिक कामं काढा आणि त्यासाठीचा पैसा वरच्या थराच्या खर्चातून उभा करा, असं त्यांचं म्हणणं होतं. दाता आणि घेता एकाच वाक्यात बोलण्याची ही आपली परंपरा आहे. ती कधी सुटली?

लाडक्या बहिणीबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मावशीच्या सुनेला जुलै २०२४ पासूनचे पंधराशे रुपये मिळतात. या योजनेला हिणवणाऱ्यांशी माझं जमत नाही. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर, कुणाकडे हात न पसरता आलेला पैसा काय असतो, हे त्या मुलीच्या चेहऱ्यावर मी पाहिलं आहे. पहिल्या तीन हजारांतले काही रुपये बँकेने किमान शिल्लक नसल्याचा दंड म्हणून कापून घेतले, तेव्हा ती शाखेत जाऊन भांडली. याआधी ती बँकेत एकटी कधी गेली नव्हती. पैसे वाईट नाहीत. माझं भांडण त्या पैशाच्या वाटेशी आहे.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या योजनेला ३६ हजार कोटींची तरतूद होती. त्यासाठी नवा असा कोणताही कर वरच्या थरावर बसला नाही. मग पैसा येतो कुठून? राज्याच्या स्वतःच्या उत्पन्नात सर्वांत मोठा वाटा जीएसटीचा, त्याखालोखाल मुद्रांक शुल्क, पेट्रोल-डिझेलवरचा कर, दारूचं शुल्क. म्हणजे बराचसा पैसा त्याच बहिणीच्या घरातून, तिच्या नवऱ्याच्या मोटारसायकलच्या टाकीतून आणि पुष्कळदा त्याच्या बाटलीतूनही. उरलेलं कर्जातून. मार्च २०२६ अखेर राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अर्थसंकल्पातलाच अंदाज होता. आणि सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट ही की २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी या योजनेकडे वळवला गेला. सरकारातल्या एका मंत्र्यानेच त्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. नंदुरबारच्या आश्रमशाळेतल्या मुलीचे पैसे काढून आटपाडीच्या बाईला देणं याला विषमता कमी करणं म्हणत नाहीत. एका गरिबाच्या डाव्या खिशातले पैसे दुसऱ्याच्या उजव्या खिशात गेले, एवढंच.

ब्राझीलकडे बघून आपल्याला पुष्कळ शिकता येईल. २००३ मध्ये तिथे गरीब कुटुंबांना थेट पैसे देणारी बोल्सा फॅमिलिया ही योजना सुरू झाली आणि ती जगभर नावाजली गेली. पण त्या देशाचा करांचा भार वस्तूंवर इतका होता की दिलेल्यातलं बरंच काही दुकानाच्या गल्ल्यावरच परत घेतलं जाई. हे लक्षात आल्यावर त्यांनी २०२३ च्या घटनादुरुस्तीत गरीब कुटुंबांना वस्तूंवरचा कर परत करण्याची तरतूद केली. २०२५ च्या अखेरीस कमी पगारदारांना आयकरातून सूट दिली आणि ती तूट भरून काढायला अतिश्रीमंतांवर किमान कर बसवला. घ्यायचं आणि द्यायचं एकाच कायद्यात. आपणही २०२५ मध्ये १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न आयकरमुक्त केलं, केंद्राने त्यापोटी एक लाख कोटींचं उत्पन्न सोडल्याचं सांगितलं, पण ते वरून भरून काढण्याचा विषयही निघाला नाही.

देण्याची आपली तऱ्हाही तपासली पाहिजे. निराधार आणि श्रावणबाळ योजनांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे २१ हजार रुपये. पेन्शनच वर्षाला १८ हजार होते. महिन्याला पावणेदोन हजारांत चालणारं घर आज महाराष्ट्रात कुठे असेल? त्यामुळे प्रत्येक अर्जदाराला सेतू केंद्रात जाऊन खोट्या आकड्याचा दाखला काढावा लागतो. तलाठी जाणतो, तहसील जाणतं, अर्जदार जाणतो. एका प्रामाणिक म्हातारीला सरकार आपल्या दारात खोटं बोलायला लावतं, आणि मग कधीतरी छाननीत तेच खोटं तिच्यावर उलटतं. मावशीला या दाखल्याची लाज वाटते, हे तिने मला दोनदा सांगितलं. आणि केंद्राचा वाटा? ६० ते ७९ वयाच्या गरीब वृद्धांना केंद्र सरकार महिन्याला २०० रुपये देतं, २००७ मध्ये होते तेवढेच. तेव्हापासून देशाची अर्थव्यवस्था कितीतरी पटींनी फुगली, ते दोनशे तिथेच आहेत. माझ्या पगारातून जातात तेही दोनशेच. या दोन आकड्यांची गाठ मनात पडली की झोप लागत नाही.

रोजगार हमीचं पुढे काय झालं तेही लपवायला नको. १९८८ मध्ये तिची मजुरी दुपटीने वाढली आणि त्यानंतर कामं काढण्यात हात आखडला गेला. कर जमत राहिला, मस्टर कमी झाली. कागदावरच्या मजुरांचे घोटाळेही झाले. तरी तिने मागे काय ठेवलं ते बघा. १९९० पासून तिच्याशी जोडलेल्या फळबाग लागवडीतून कोरडवाहू रानात डाळिंब, बोर, सीताफळ, आंबा उभा राहिला. आटपाडीच्या डाळिंबाने पुढे बाजारात नाव काढलं. मावशीच्या दिराची पहिली तीनशे झाडं याच योजनेतली. म्हणजे शहरातल्या पगारातून गेलेल्या पैशाने खेड्यातली मजुरी तर दिलीच, पण पाणी अडवलं, बाग उभी केली, आणि त्या बागेने स्वतः वाढ घडवली. ‘आधी वाढ, मग वाटप’ म्हणणाऱ्यांना मी त्या तलावाच्या बांधावर घेऊन जाऊ इच्छितो.

एक अवघड गोष्ट आपल्या माणसांतच बोलतो. देशाच्या प्रत्यक्ष करांतला एक तृतीयांशाहून मोठा वाटा महाराष्ट्रातून गोळा होतो, आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या सूत्राने २०२१ ते २०२६ या काळात राज्यांमध्ये वाटल्या जाणाऱ्या करांतून आपल्या वाट्याला आले ६.३१७ टक्के. यावरून आपल्याकडे संताप असतो. मला तो पूर्ण पटत नाही. मुंबईच्या कराचा पैसा नंदुरबारला गेलाच पाहिजे असं मी म्हणत असेन, तर तो बिहारला जायलाही नको असं कोणत्या तोंडाने म्हणू? मुंबईत जमणारा कर हा केवळ मुंबईत कमावलेला पैसा नसतो. कंपनीचं मुख्यालय इथे, खाण झारखंडात आणि गिऱ्हाईक साऱ्या देशात. आपली खरी तक्रार वेगळी असायला हवी. केंद्र जे उपकर आणि अधिभार लावतं, ते राज्यांच्या वाटणीत येतच नाहीत. श्रीमंतांवरचा अधिभार हा त्यातलाच. वरच्या थराकडून घेतलेला पैसा गरिबाच्या सर्वांत जवळ असलेल्या सरकारांपर्यंत पोचायचा दरवाजा तिथे बंद आहे.

मग राज्याच्या हातात काय उरतं? आयकर लावता येत नाही, वस्तूंचा दर एकट्याने ठरवता येत नाही. पण जे आहे तेही आपण सोडत गेलो. २०२० च्या सप्टेंबरपासून काही महिने घरखरेदीवरचं मुद्रांक शुल्क दोन-तीन टक्क्यांवर आणलं, तेव्हा दीड खोलीच्या घराला आणि समुद्राकडे तोंड असलेल्या वीस कोटींच्या सदनिकेला एकच सवलत मिळाली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाली. ज्याच्याकडे पंप आणि पाणी आहे त्याला ती मिळाली, कोरडवाहूवाल्याला आणि भूमिहीनाला शून्य. आणि व्यवसाय कर! दहा हजार एक रुपये पगार असलेला सुरक्षारक्षक वर्षाला २५०० भरतो, तो ज्या इमारतीच्या दाराशी उभा असतो तिथला महिन्याला दहा लाख मिळवणारा अधिकारीही २५०० च भरतो. २०२३ पासून २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना त्यातून वगळलं, ते योग्यच झालं. वरच्या टोकाला मात्र काहीच हललं नाही, कारण ही मर्यादा राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात आहे. ती २५० वरून २५०० झाली १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने. त्या वर्षी दहा ग्रॅम सोनं साधारण तीन हजारांना होतं. आज ते लाखाच्या पुढे गेलं. मर्यादा तीच.

ती वाढवा असं वित्त आयोगांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. चौदाव्याने १२ हजार सुचवले, पंधराव्याने १८ हजार. संसदेत घटनादुरुस्ती मांडायला हवी, एवढंच. मर्यादा वाढली की महाराष्ट्र उद्या पंचवीस हजारांच्या आतल्या सगळ्यांना, पुरुषांनाही, या करातून मोकळं करू शकतो. लाखाच्या वर पगार असलेल्या माझ्यासारख्यांकडून महिन्याला दीड हजार घेऊ शकतो. तो पैसा १९७५ सारखा स्वतंत्र निधीत, कायद्याने बांधून, फक्त रोजगार हमी आणि वृद्धांच्या पेन्शनसाठी ठेवता येईल, आणि त्यात सरकारने तेवढीच भर घालावी. पगारपत्रकावर ती ओळ स्पष्ट मराठीत लिहावी, म्हणजे कापले गेलेले पैसे कुठल्या मस्टरवर गेले हे भरणाऱ्याला कळेल.

महिन्याला दीड हजार. लाडक्या बहिणीचा आणि मावशीच्या पेन्शनचा आकडाही तोच आहे. माझ्या पगारातून एवढे गेले तर माझ्या घरात एका रविवारचं बाहेरचं जेवण कमी होईल. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ खासदार आहेत. त्यांच्यापैकी कुणी २७६ व्या कलमाच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, तर जास्त कर भरायला तयार असलेल्यांच्या यादीत माझं नाव पहिलं घाला. आणि मावशीला मी कळवीन, की अजून कापतात, आणि कुठे जातात तेही.